डीबीतली (घरात वीज वाटणाऱ्या डब्यातली) न्यूट्रलची वायर जळून आखूड झालीय, आतच जोड दिला तर चालेल का?

खाडीपलीकडे
नमस्कार मंडळी. जाणकारांनी प्रकाश टाकावा. घरात तो सध्या कमीच आहे.

ठाण्यातली १९९४ सालची इमारत, दुसरा मजला, सिंगल फेज. डीबी दारामागे, आठ खणांची. बिल्डरने दिली तेव्हा तिच्यात चार एमसीबी (जादा करंट आला की पडणारे स्विच) होते. मग एसी आला, इन्व्हर्टर आला, मध्येच कुणीतरी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (जाणाऱ्या-येणाऱ्या करंटमध्ये फरक दिसला की पडणारा स्विच) घातला. आता झाकण लावताना वायरी आत दाबून धराव्या लागतात, इतकी गर्दी.

गेले काही दिवस संध्याकाळी गीझर आणि एसी दोन्ही एकदम बंद पडायचे. एमसीबी पडलेला नसायचा. थोड्या वेळाने आपोआप चालू. बंद असताना गीझरच्या सॉकेटमध्ये टेस्टर लावला तर दोन्ही भोकांत पेटायचा. काल मेन पाडून झाकण काढलं. न्यूट्रल लिंकच्या (न्यूट्रल वायरी स्क्रूने बांधायच्या पट्टीच्या) एका भोकात तीन वायरी कोंबल्या आहेत आणि त्यातल्या एकीचं काळं इन्सुलेशन दोन-अडीच इंच फुगून तडकलंय. बोट लावलं तर कवच गळून पडलं. आतलं तांबं चॉकलेटी झालंय, स्क्रू निळसर.

जळका भाग कापला तर वायर लिंकपर्यंत पोचत नाही. नाक्यावरचा वायरमन म्हणतो, "पीळ मारून टेप लावतो, दहा मिनिटांचं काम." सासरे म्हणतात पूर्ण वायरिंग बदला. मधला काही मार्ग आहे का? आत जोड दिलेला चालतो का?

निवांत_बसा
हाय काय नि नाय काय. पीळ मारा, टेप लावा. आमच्या गावच्या घरात असे जोड वीस वर्षं चाललेत. शिवाय न्यूट्रलच आहे, त्यात करंट नसतो.

फेजवाला
निवांतराव, शेवटचं वाक्य मागे घ्या. जेवढा करंट फेजने जातो तेवढाच न्यूट्रलने परत येतो, एक मिलिअँपिअर कमी नाही. त्या हिशोबावरच तर आरसीसीबी चालतो. गावच्या घरात त्या जोडावर दोन ट्यूब आणि एक पंखा असेल. इथे गीझर आहे.

धागाकर्ते, मी ठेकेदारीत आहे, लायसन्स आहे. जोड कसा द्यायचा ते नंतर सांगतो. तुम्ही लिहिलेली एक गोष्ट मला जास्त खटकली. गीझर आणि एसीला वेगवेगळे एमसीबी आहेत ना? मग दोन्ही एकाच क्षणी कसे बंद पडतात? फेज वेगळी असून दोन्ही एकत्र मरत असतील तर दोघांचा न्यूट्रल एकच आहे. एसी बसवला तेव्हा न्यूट्रल कुठून घेतला, आठवतंय?

खाडीपलीकडे
हो, एमसीबी वेगळे आहेत. एसीचा पॉइंट बेडरूमच्या भिंतीवर आहे, त्याच भिंतीच्या पलीकडे बाथरूम. बसवणारा म्हणाला होता, "वायरींची नळी भरलीय, पण मी जमवतो." काय जमवलं ते आम्ही विचारलं नाही.

फेजवाला
जमवलं ते असं. नळीतून एकच वायर सरकत होती, ती फेजची ओढली. न्यूट्रल घेतला गीझरच्या बोर्डातून. ही पद्धत सर्रास आहे. बिल्डरच्या काळात गीझरला तीन-वीस (२० नंबरच्या तीन तारांची वायर) ओढलेली असणार, म्हणजे जेमतेम २ चौरस मिमी. तिच्यावर आता दोघांचा भार. आणि एमसीबी बसतो फेजवर. गीझरचा एमसीबी गीझरपुरतं बघतो, एसीचा एसीपुरतं. दोघांची बेरीज जिच्यावर पडते तिच्यावर पहारा कुणाचाच नाही. म्हणून वायर जळली तरी एमसीबी ढिम्म.

वायरमनकडे क्लॅम्प मीटर (वायरीभोवती चिमटा लावून करंट मोजणारं) असेल तर गीझरचा एमसीबी पाडून, एसी चालू ठेवून त्या न्यूट्रलचा करंट मोजायला सांगा. तुम्ही स्वतः चालू डीबीत हात घालू नका. आणि हे तपासून होईपर्यंत दोन्ही एमसीबी खालीच ठेवा.

मीनल_ओहम
फेजवालांना +१. आकड्यात मांडते. २००० वॅटचा गीझर २३० व्होल्टवर साधारण ८.७ अँपिअर घेतो, दीड टनाचा जुना एसी ७-८ अँपिअर. दोन्ही मिळून १६ धरा. स्क्रूखालचा सैल जोड समजा ०.१ ओहमचा झाला. मीटरवर धड दिसणारही नाही इतका कमी रोध. पण उष्णता करंटच्या वर्गाने वाढते: १६ गुणिले १६ गुणिले ०.१ म्हणजे २५.६ वॅट. छोटी सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची असते. ती रोज संध्याकाळी तासभर एका भोकात खुपसून ठेवली तर इन्सुलेशनचं जे होईल ते तुम्ही पाहिलंत. तापलं की तांब्यावर ऑक्साइड चढतो, रोध वाढतो, आणखी तापतं. एकदा सुरू झालं की हे आपणहून थांबत नाही.

एका भोकात तीन वायरी हे दुसरं कारण. जाड वायर स्क्रूखाली दबते, बारीक बाजूला सरकते. वरून स्क्रू घट्टच लागतो, पण बारकी मोकळीच असते.

आंबटगोड
एक बाळबोध शंका. न्यूट्रल तुटल्यावर टेस्टर दोन्ही भोकांत का पेटतो? न्यूट्रलला तर हात लावला तरी काही होत नाही असं शाळेत शिकलो.

मीनल_ओहम
न्यूट्रल धड जोडलेला असेल तोवर. मध्येच तुटला की फेज उपकरणाच्या कॉइलमधून फिरून न्यूट्रलच्या वायरीत येते आणि पुढे वाट नसल्यामुळे तिथेच उभी राहते. उपकरण बंद दिसतं, पण तुटलेल्या टोकापर्यंतची काळी वायर २३० व्होल्टला असते. "काळी आहे, हात लावायला हरकत नाही" असं म्हणून शॉक बसलेले पुष्कळ आहेत.

इथे तर आणखी एक गंमत. न्यूट्रल कॉमन असल्याने गीझरचा एमसीबी पाडला तरी एसीच्या वाटेने फेज गीझरच्या न्यूट्रल भोकात येऊ शकते. म्हणजे 'एमसीबी पाडलाय, काम करायला हरकत नाही' हे या घरात खरं नाही. मेन पाडायचा, तोही दोन पोलचा, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा.

सांगलीकडचा
आमच्याकडे बंगल्याला थ्री फेज. मागे न्यूट्रल सुटला तर टीव्ही, फ्रिज, मिक्सर असे एका फटक्यात उडाले. धागाकर्त्यांनाही तो धोका आहे का?

फेजवाला
त्यांच्या डीबीतला न्यूट्रल सुटला तर नाही. सिंगल फेजमध्ये न्यूट्रल तुटला की उपकरण नुसतं बंद पडतं. थ्री फेजमध्ये न्यूट्रल गेला की दोन फेजवरचे लोड एकमेकांच्या सिरीजमध्ये येतात, दोन टोकांना ४०० व्होल्ट. ज्या बाजूला लोड कमी तिच्यावर व्होल्टेज जास्त चढतं. तुमच्याकडे टीव्हीच्या फेजवर तेवढा एक टीव्ही आणि शेजारच्या फेजवर गीझर असेल, तर टीव्ही गेलाच म्हणून समजा.

पण इमारतीच्या मीटररूममध्ये येणारी लाइन थ्री फेजच असते. तिथला मुख्य न्यूट्रल सैल झाला तर सिंगल फेजच्या फ्लॅटलाही हाच प्रसाद. काही घरांत दिवे झगझगीत, त्याच वेळी काही घरांत मिणमिणते दिसले तर आपला मेन ताबडतोब पाडायचा, शेजाऱ्यांना सांगायचं आणि १९१२ ला फोन लावायचा. मीटरचं सील आणि मीटरपर्यंत येणारं सगळं वीज कंपनीचं, तिथे वायरमनने हात घालायचा नाही.

जुगाडू_जोशी
साधा उपाय सांगू? त्या सॉकेटला अर्थिंगची वायर आलीच असेल. न्यूट्रल मेला तर अर्थिंगवरून घ्या. आमच्या जुन्या चाळीत असंच चालायचं.

फेजवाला
अजिबात नाही. जोशीबुवा, ही सूचना कुणी वाचून अमलात आणायच्या आत खोडून टाका. आरसीसीबी असेल तर पहिल्या सेकंदाला पडेल, ते नशीब. नसेल तर गीझरचा पूर्ण करंट अर्थिंगच्या वायरीतून वाहील. पुढे कुठे अर्थिंग सुटलेलं असलं, आणि जुन्या इमारतीत ते सुटलेलं असतंच, तर फ्रिजचं दार, वॉशिंग मशीनचा पत्रा, गीझरची टाकी असं अर्थिंगला जोडलेलं सगळं जिवंत होईल. बाथरूममध्ये ओल्या अंगाने नळ धरलेला माणूस डोळ्यांसमोर आणा.

न्यूजर्सीकर
इथे अमेरिकेत मेन पॅनलमध्ये न्यूट्रल आणि अर्थ एकाच ठिकाणी बाँड केलेले, म्हणजे एकमेकांना जोडलेले, असतात. बऱ्याच पॅनलमध्ये पांढरी न्यूट्रल आणि उघडी अर्थची वायर एकाच पट्टीवर दिसते. यूट्यूबवर तेच व्हिडिओ वर येतात. ते बघून ठाण्यात तसं करू नका. तो बाँड इथेही फक्त मेन पॅनलमध्ये, सबपॅनलमध्ये दोन पट्ट्या वेगळ्याच. एक नियम मात्र उचलण्यासारखा आहे: इथल्या कोडप्रमाणे पॅनलमध्ये न्यूट्रलच्या प्रत्येक वायरीला स्वतंत्र स्क्रू लागतो, एका स्क्रूखाली दोन न्यूट्रल चालत नाहीत. अर्थात लोक तरी कोंबतात. मनुष्यस्वभावाला व्हिसा लागत नाही.

खाडीपलीकडे
सगळ्यांचे आभार. एसीचं कोडं सुटल्यासारखं वाटतंय. आता मूळ प्रश्न: जोड द्यायचा की नाही?

फेजवाला
द्यायचा, पण नीट. जोड देणं म्हणजे पाप नव्हे, पीळ मारून टेप लावणं पाप. क्रम सांगतो. हे वाचून स्वतः करायचं नाही, समोर उभं राहून करून घ्यायचं.

मेन पाडा. मग इन्व्हर्टर. इथे लोक हमखास चुकतात. मेन पाडला की इन्व्हर्टरला वाटतं लाइट गेली, तो डीबीत बॅटरीवरून २३० व्होल्ट सोडत बसतो. त्याच्या दिव्या-पंख्यांचा न्यूट्रल त्याच लिंकवर असतो. एखादा दिवा चालू राहिलेला असताना ती वायर स्क्रूमधून काढली की तिचं टोक जिवंत. म्हणून इन्व्हर्टर बटणाने बंद, त्याचा प्लग काढलेला आणि आउटपुटही सोडवलेलं. मग मल्टिमीटरने खात्री: आधी मीटर दुसऱ्या चालू पॉइंटवर लावून बघा (जिन्यातलं सॉकेट वगैरे), मग डीबीत, मग पुन्हा चालू पॉइंटवर. मीटरच मेलेला असेल तर तोही शून्य दाखवतो. टेस्टरच्या भरवशावर हे काम करायचं नाही.

मग वायर कापत मागे जायचं. इन्सुलेशन नखाने दाबलं तर मऊ लागलं पाहिजे आणि तांबं गुलाबी, चकचकीत दिसलं पाहिजे. चॉकलेटी तांब्यावर कोणताही जोड टिकत नाही. कधी कधी गीझरच्या बोर्डाच्या बाजूने दोन इंच ढील मिळते, तीही बघा. तेवढ्यात भागलं तर जोड नकोच.

नाही भागलं तर त्याच जाडीचा किंवा एक नंबर जाड तांब्याचा तुकडा, मध्ये टिनिंग केलेली तांब्याची स्लीव्ह (छोटी नळकांडी), दोन्ही बाजूंनी क्रिम्पिंग टूलने दाबलेली. पकडीने चेपलेली नव्हे. मग जोरात ओढून बघायचं. सुटली तर आत्ताच सुटू दे. वर हीट श्रिंक (गरम केली की आवळून बसणारी नळी). क्रिम्पिंग टूल नसेल तर ३२ अँपिअरचे लिव्हरवाले कनेक्टर मिळतात, ४ चौरस मिमीपर्यंतची वायर घेतात. जोड डीबीच्या डब्यातच हवा, उघडून बघता येईल असा. नळीत ढकललेला जोड म्हणजे पुढच्या माणसाला लावलेला सापळा.

शेवटी टोकाला पिन लग (तारा एकत्र धरणारं पिनेसारखं टोपण) आणि लिंकचं स्वतःचं भोक. भोकं पुरत नसतील तर दुसरी लिंक घाला.

चिमटा
टोकाला सोल्डर करून घट्ट केलं तर? माझे वडील नेहमी तसं करायचे, तारा विस्कटत नाहीत.

मीनल_ओहम
स्क्रूखाली सोल्डर नको. सोल्डर मऊ असतं, दाबाखाली हळूहळू पसरतं. आज करकचून आवळलेला स्क्रू काही महिन्यांनी सैल. तारा विस्कटू नयेत म्हणूनच पिन लग किंवा फेरूल. वायर सोलताना तारा तुटतात त्याकडेही बघा. २.५ चौरस मिमीच्या फ्लेक्झिबल वायरीत ०.३ मिमीच्या ३६ तारा असतात. ब्लेडने सोलताना त्यातल्या आठ-दहा गेल्या तरी वरून कळत नाही.

सांगलीकडचा
आमच्या जुन्या वाड्यात अॅल्युमिनियमची वायर आहे. तिला तांब्याचा तुकडा असाच जोडायचा का?

फेजवाला
नाही. तांबं-अॅल्युमिनियम थेट एकत्र आलं की गंज धरतो आणि अॅल्युमिनियम स्क्रूखाली दबून सैल पडतं. दोन धातूंसाठीची वेगळी स्लीव्ह मिळते, पण वाड्यातली अॅल्युमिनियम वायर इतकी ठिसूळ झालेली असते की सोलतानाच मोडते. तिथे मी तुमच्या नव्हे, धागाकर्त्यांच्या सासऱ्यांच्या बाजूने.

खाडीपलीकडे
ताजी खबर. नाक्यावरच्या मित्राला नारळ दिला, एका परवानाधारक ठेकेदाराचा माणूस बोलावला. वयाने लहान, पण बॅगेतून आधी क्लॅम्प मीटर काढला तेव्हाच बरं वाटलं. गीझरचा एमसीबी खाली, एसी चालू, आणि गीझरच्या न्यूट्रलवर ७.६ अँपिअर! फेजवाला, तुम्ही सातारा-कोल्हापूरकडचे असाल तर पेढे पाठवतो.

त्याने आणखी एक माप घेतलं. दोन्ही चालू ठेवून एसीच्या सॉकेटवर न्यूट्रल ते अर्थ: ५.४ व्होल्ट. मोजून होताच दोन्ही बंद केले.

मग काम. गीझरची न्यूट्रल चार बोटं मागे कापली तेव्हा कुठे गुलाबी तांबं लागलं. स्लीव्ह, क्रिम्प, हीट श्रिंक, पिन लग. ओढून दाखवायला मी सांगितलं, तर म्हणाला, "काका, तुम्हीच ओढा." ओढली, हलली नाही. एसीसाठी ४ चौरस मिमीची स्वतंत्र न्यूट्रल माळ्यावरून पट्टी फिटिंगने आणली, कारण नळी खरंच गच्च होती. दिसायला सुंदर नाही. बायकोने दोन दिवस नाक मुरडलं, मग पडद्याचा रॉड जरा सरकवला. दुसरी न्यूट्रल लिंक घातली, एका भोकात एकच वायर.

आणि आता नवीन दुखणं: एसी चालू केला की आरसीसीबी पडतो. गीझरला काही नाही, दिव्यांना काही नाही. एसीतच लीकेज आहे का? मुलाचं बारावीचं वर्ष, त्याला एसी हवा, माझं डोकं फिरलंय.

फेजवाला
एसीला शिव्या देऊ नका. नवीन न्यूट्रल कोणत्या लिंकवर बांधली ते बघा. दोन लिंकपैकी एक आरसीसीबीच्या आधीची, एक नंतरची अशी विभागणी झाली असणार. एसीची फेज आरसीसीबीतून जातेय आणि न्यूट्रल त्याला वळसा घालून आधीच्या लिंकवर परततेय. आरसीसीबीला जाणारे ७ अँपिअर दिसतात, येणारे शून्य. तो ३० मिलिअँपिअरच्या फरकाला पडणारा प्राणी, इथे सात हजारांचा फरक आहे.

पडतोय म्हणून आरसीसीबी बायपास करायची सूचना कुणी दिली तर त्याला चहा पाजून घरी पाठवा.

आंबटगोड
वाचनखूण साठवली. माझ्याकडे गेल्या दिवाळीपासून आरसीसीबी पडतोय आणि तीन जणांनी तीन वेळा मिक्सर बदलायला सांगितलं. जाता जाता, इन्व्हर्टर बसवल्यापासूनच सुरू झालं हे.

मीनल_ओहम
मग तुमच्याकडेही बहुधा न्यूट्रलची भेसळ. इन्व्हर्टरवरच्या दिव्यांचा न्यूट्रल आरसीसीबीच्या ज्या बाजूला असायला हवा त्याच्या विरुद्ध बाजूला गेला असेल. प्रत्येक सर्किटची फेज आणि न्यूट्रल जोडीने एकाच बाजूला हवी. मिक्सर परत वापरायला काढा.

खाडीपलीकडे
अगदी तेच निघालं. ठेकेदाराचा तो माणूस परत आला, पाच मिनिटं वायरींचा माग काढला आणि एसीची न्यूट्रल खालच्या, आरसीसीबीनंतरच्या, लिंकवर घेतली. एसी चालू, आरसीसीबी गप्प. टेस्टचं बटण दाबून बघितलं, पडतो. दोन्ही चालू ठेवून तेच न्यूट्रल-अर्थ माप: १.८ व्होल्ट. झाकण आता दाबावं लागत नाही, कारण त्याने वायरी कडेने वळवून बांधल्या आणि प्रत्येकीवर चिकटपट्टी लावून 'गीझर', 'एसी', 'किचन' असं लिहिलंय. मराठीत.

मीनल_ओहम
५.४ वरून १.८, म्हणजे साडेतीन व्होल्टच्या आसपास त्या एका वायरीत आणि जळक्या जोडात खर्च होत होते. गुणिले १६ अँपिअर, पन्नासेक वॅट. माझा ०.१ ओहमचा अंदाज कंजूष निघाला.

निवांत_बसा
बरं बुवा, वाक्य मागे. गावच्या जोडांवर यंदा गणपतीला गेलो की नजर टाकतो.

फेजवाला
टाका, मेन पाडून. धागाकर्ते, महिन्याभराने मेन आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद करून लिंकचे स्क्रू एकदा परत आवळून घ्या, नवीन तांबं जरा बसतं. आणि गीझरचा एमसीबी किती अँपिअरचा आहे?

खाडीपलीकडे
२५.

फेजवाला
वायर तीन-वीस आहे, १६ चा घाला. २००० वॅटला भरपूर झाला.